बाबांच्या मापाचा मीडियम

३ जानेवारी, सकाळ
आजपासून दुकानाला दुकान म्हणायचं नाही, ब्रँड म्हणायचं. बाबांना तसं सांगितलं. बाबा म्हणाले, काहीही म्हण, शटर तेवढं वेळेवर उघड. हाच दृष्टिकोनातला फरक. बाबांनी जन्मभर एकेका गिऱ्हाइकाचं माप घेऊन बंद गळ्याचे लांब कोट शिवले. एका कोटाला तीन ट्रायल. अशाने माणूस पुढे कसा जाणार? आता सगळं रेडीमेड. स्मॉल, मीडियम, लार्ज. हँगरवरून उचला आणि चालू लागा. वर्षअखेर दुसरी ब्रांच. लिहून ठेवतो.

९ जानेवारी
साफसफाई. कापायचं मोठं टेबल काढलं, तिथे सोफा येईल. भिंतीवर खिळ्याला टांगलेले कोटाचे खाकी कागदी साचे रद्दीवाल्याला दिले. बाबा बघत होते, काही बोलले नाहीत. म्हणजे पटलं. न पटलं तर बाबा बोलतात. बहुधा.

१६ जानेवारी
फॅक्टरीवाल्याचा फोन. त्याला मीडियमचं माप हवंय, त्यावरून तो बाकीचे साइज काढणार. म्हटलं, एवढंच ना. आमच्याकडे मीडियम म्हणजे बाबा. शोकेसमधला कोट कायम त्यांच्या अंगावर बेतलेला, आणि कुणालाही घाला, बसायचा. मी पंचक्रोशीतला मधला माणूस, असं बाबाच म्हणायचे.
संध्याकाळी टेप घेऊन समोर उभा राहिलो. म्हणाले, माझं नको घेऊस, माझं माप आता बरोबर नाही. स्वभाव पहिल्यापासून भिडस्त. शेवटी उभे राहिले, हात जरा वर धरून, गिऱ्हाइकासारखे. टेपच्या आत दोन बोटं ठेव म्हणाले, माणसाला श्वास घ्यायचा असतो. ठेवली. तरी छाती वहीतल्या जुन्या आकड्यापेक्षा चांगली तीन इंच कमी आली. टेप जुनी, ताणलेली असणार. नवी आणली. तेवढंच आलं. म्हणजे जुना आकडाच चुकीचा. पूर्वी सगळं अंदाजपंचेच चालायचं. नवा आकडा पाठवून दिला.

२ फेब्रुवारी
बायको म्हणते, बाबा ताटातलं अर्धं तसंच ठेवतात, डॉक्टरकडे नेऊ या. म्हटलं, काम नसलेल्या माणसाला भूक कमीच लागते. ओपनिंग झालं की नेतो. तिने म्हणे बाबांची पँट दुसऱ्यांदा आत घेतली. छान. घरबसल्या स्लिम फिट.

२१ फेब्रुवारी
माल आला. माडीवरची अख्खी खोली भरली. बाबांना मीडियम घालून बघितला. काय बसला म्हणता! खांद्याला, छातीला, कुठे एक सुरकुती नाही. फॅक्टरीवाला म्हणजे हिरा माणूस. बाबा बराच वेळ आरशात बघत राहिले. मग म्हणाले, हा चालायचा नाही. का म्हणून विचारलं तर नुसते हसले आणि सोफ्यावर जाऊन टेकले. पोटच्या पोराचं कौतुक करताना यांची जीभ का जड होते कोण जाणे.

१ मार्च
ओपनिंग. फुगे, गाणी, थंड सरबत. चिक्कार गर्दी. एका अगदी मध्यम दिसणाऱ्या गृहस्थांना मीडियम दिला. बटण लागेना. म्हटलं, पोट जरा आत घ्या. घेतलं. बटण लागलं, पण मग त्यांना बोलता येईना.

५ मार्च
निरीक्षण: लोक फार सुटलेत. बसून कामं, दुसरं काय. आज लार्ज घातलेल्या एकाने वरची पिशवी काढायला हात उचलला आणि काखेत टर्रकन उसवलं. फॅक्टरीवाल्याला फोनवर झाडलं. तो म्हणतो, साहेब, तुम्ही पाठवलं त्याच मापाने शिवलंय. चोर तो चोर, वर शिरजोर.

१९ मार्च
पाटी लावली, 'एक साइज मोठा घ्या'. एकाने विचारलं, ज्यांना आधीच सगळ्यात मोठा लागतो त्यांनी काय करायचं? व्यायाम, असं अगदी ओठावर आलं होतं.
बाबा हल्ली येत नाहीत. दुकानाच्या चार पायऱ्या चढताना धाप लागते. ऊन वाढलंय.

८ एप्रिल
बाबांचे एक जुने गिऱ्हाईक आले होते. तिन्ही मुलांच्या लग्नात त्यांनी इथलाच कोट घातला. त्यांनी मीडियम हातात धरला, उलटापालटा केला, म्हणाले, हा कुणाच्या मापावर बेतलास? मी अभिमानाने म्हटलं, बाबांच्या. त्यांनी कोट परत हँगरला लावला. मग म्हणाले, घरी आहेत ना, भेटून येतो. कोट न घेताच गेले. धंद्यात भावना आणली की हे असं होतं.

९ एप्रिल
फॅक्टरीला नोटीस पाठवणार, असं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, कोट लहान नाही झाले, बाबा झालेत. माझा धंदा बसायला आलाय आणि हिला काव्य सुचतंय. डॉक्टरकडे सोमवारी नेतो. पुढच्या सोमवारी. नक्की.

२२ एप्रिल
शेवटी बायकोनेच नंबर लावला. रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? म्हटलं, अलीकडेच. त्या म्हणाल्या, जानेवारीत आला असतात तर पुष्कळ काही करता आलं असतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. बाबाच म्हणाले, अहो, तो कामात होता, मोठं दुकान काढलंय त्याने.
टेप बरोबर होती. दोन्ही टेपा बरोबर होत्या.

६ मे, दुपार
हॉस्पिटलमध्ये. बाहेर रणरणतं ऊन आणि बाबांना थंडी वाजते. दुकानातून एक मीडियम आणला. म्हटलं, निदान त्यांना तरी बसेल. बाहीत हात मी घातले, बटणं मी लावली. मग छातीपाशी हात घालून बघितलं. दोन बोटं राहायला हवीत. माझी अख्खी मूठ आत गेली. मला रडू आलं. खिडकीचा पडदा सारायचं निमित्त करून उठलो.
बाबांनी विचारलं, खप कसा आहे?
म्हटलं, जोरात. मीडियम तर सगळे गेले.
बाबा म्हणाले, बघ, मी म्हणालो होतो चालायचा नाही. मीच चुकलो. मग कॉलर नीट करून घेतली आणि कोट घालूनच कुशीवर वळले.