नेकनूरखालची मोकळी ओळ

४ जानेवारी १९९७, बीड
डोळ्यांच्या शिबिराची यादी यंदा कॉम्प्युटरवर. डॉ.साहेबांचं फर्मान. बावीस वर्षं दवाखान्याचं रजिस्टर मी लिहिलं, आता चार बाणांची बटणं. नसरीन (ऑपरेटर, माझ्या धाकटीएवढी) म्हणते, "काका, बाण दाबून धरू नका, पळतंय ते." धरला. पळालं. सगळी कोरी चौकटच चौकट. नावं पुसली म्हणून घाम फुटला. तिनं ‘होम’ दाबलं, यादी जागच्या जागी. हसली मेली.

६ जाने.
‘एंड’ दाबायचं, मग खालचा बाण. थेट यादीच्या शेवटच्या नावावर. झकास! उगाच पाच वेळा केलं.

९ जाने.
यंदा दोनच गावं. नेकनूरची नावं भरली, एक ओळ मोकळी सोडली, मग नांदूरघाटची बारा. रजिस्टरात गाव संपलं की तशीच सोडतो, मागून कुणी आलं तर घुसवायला. नांदूरघाटात पहिलं नाव मावशीचं. आईमागं तिनंच मला वाढवलं. डावा डोळा गेला, उजव्यातला मोतीबिंदू पिकत आलाय. पोरंसुना उसाला गेल्यात, एकटीच असते. परवा चुलीशी पदर पेटला म्हणे. निरोप धाडलाय, २० ला सकाळी पारावर बस, गाडी येईल.

१८ जाने.
नसरीन रजेवर. यादी मीच छापली. कुठून कुठपर्यंत छापायचं ते दाखवावं लागतं. ‘होम’, ‘एंड’, खालचा बाण. एका पानात मावली. एरवी प्रत्येक नावावर बोट ठेवून वाचतो. आज म्हटलं, मशीन चुकतंय होय? ड्रायव्हरला दिली.

२० जाने.
गाडी अकराला आली. सगळे नेकनूरचे. मावशी कुठाय? ड्रायव्हर म्हणतो, "यादीत नांदूरघाट न्हाईच की. कावून जाऊ तिकडं?"
‘एंड’, खालचा बाण. मशीनवर करून बघितलं, नेकनूरच्या शेवटच्या नावावरच थांबलं. मोकळ्या ओळीच्या वर. नांदूरघाट खाली जसंच्या तसं.
नसरीन आली होती. "मोकळं दिसलं की तिथंच थांबतं ते, काका. सांगायचं राहिलं." तिची काय चूक.
ऑपरेशनवाले पाहुणे डॉक्टर उद्या दुपारी जाणार. जीप मागून घेतली, नांदूरघाटला गेलतो. बाकीचे अकरा उठून घरी गेलते, दारोदार फिरून गोळा केले. मावशी पारावरच. मांडीवर बोचकं.
"आलास व्हय? मला वाटलं गाडी यून गेली, माजंच ध्यान न्हवतं."
शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ जाने.
मावशीचा नंबर सगळ्यात शेवटी. डॉक्टर बाहेर आले. "लई पिकला होता. उद्या पट्टी काढल्यावर कळेल." कालच झालं असतं तर फरक पडला असता का, विचारायचं होतं. मावशीचं बोचकं उचलून तिच्या खाटेशी नेलं.
दुपारी नसरीननं मोकळ्या ओळीत एक टिंब टाकलं. "आता जाईल खालपर्यंत." करून बघितलं. गेलं.

२२ जाने., सकाळ
आठला पट्टी काढणार. मावशी विचारते, "पयलं कुनाचं तोंड दिसंल रं?"
"म्होरं असंल त्याचं."
"मंग तूच हुबा ऱ्हा."
भीती वाटतेय. दुसरं कुणी उभं राहिलं असतं तर... आठला पाच कमी. सिस्टर आली. उठतो.