पाहुणा उठू नये म्हणून

सोमवार
आले एकदाची. मुलगा म्हणाला होता, दोन दिवसांत कंटाळशील. बघू. प्रार्थनाघरात मला शिवणखोलीशेजारची खोली मिळाली आहे आणि काम चादरी-पडद्यांच्या दुरुस्तीचं. स्वयंपाकीणबाई बडबड्या आहेत, म्हणजे आमचं जमणार. हे गेल्यापासून घरात माझाच आवाज मला परका वाटायला लागला होता.

मंगळवार
मोठ्या सिस्टरांनी इथली प्रार्थना शिकवली. चित्रासमोर बसायचं, शास्त्रातला उतारा सावकाश वाचायचा आणि मनाने चित्रात जाऊन बसायचं. माझ्या खोलीतलं चित्र संध्याकाळचं. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला दोघांनी आग्रहाने घरी आणलंय, टेबलाशी बसवलंय. त्याची पाठ आपल्याकडे. एक स्टूल रिकामं. उताऱ्यात पाहुणा भाकर मोडतो, ते त्याला ओळखतात, तो दिसेनासा होतो आणि दोघे उठून परत जातात. सिस्टरांनी बजावलं, "ती शेवटची ओळ मोठ्याने वाचल्याशिवाय उठू नका. तीच आपल्याला परत आणते." मी मान डोलावली. शिवणाऱ्या बाईला शेवटची गाठ मारायला काय शिकवायचं!

गुरुवार
आज जमलं. स्टुलावर बसले, भाकरीचा वाससुद्धा आला. पाहुण्याची मान, खांदे थेट ह्यांचे. मला रडू फुटलं. तो भाकर मोडणार तेवढ्यात मी पुस्तक मिटलं. मोडली की जाणार ना तो. ह्यांना एकदा जाताना पाहिलंय, तेवढं पुरे.

शनिवार
रोज तिथेच थांबते. आता चित्राबाहेर मन लागत नाही. दुपारी जेवायला गेले तर माझं ताट वाढलेलं नव्हतं. स्वयंपाकीणबाईंना हाका मारल्या, पण त्या भांडी घासतच राहिल्या. रुसल्या असतील.

रविवार
मुलाचा फोन आला. मी बोलत होते आणि तो नुसता हॅलो हॅलो करत राहिला.

चित्रातली भाकर वाळली आहे. ते दोघे आता पाहुण्याकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात. डोळे लाल झालेत, पापण्या मिटत नाहीत. त्यांना उठायचंय. मीच अडकवून ठेवलंय त्यांना. उद्या उतारा पुरा वाचेन.

सोमवार
वाचायला गेले — पुस्तक खुर्चीवर राहिलं. खुर्ची तिकडे, खोलीत. मी स्टुलावर. ही वही मांडीवर होती म्हणून तेवढी —

ओळ पाठ आहे. म्हणून पाहिली. आवाज फुटत नाही.

वार कळत नाही
इथे संध्याकाळच आहे. पाहुणा वळतोय. अहो, मी आहे, असं म्हणायला गेले —

चेहरा नाही. चित्रकाराने काढलाच नव्हता. नुसतं कोरं कापड —

मुलगा आलाय. खोलीत. माझी शाल छातीशी धरून उभा आहे. सिस्टरही आहेत. त्यांनी पुस्तक उचललं. उघडलं. वाचा सिस्टर, शेवटचीच ओळ, मोठ्याने — इकडे बघ रे बाळा, इकडे, चित्रात — सिस्टर खुणेची फीत घालतायत, मिट