चिमी कुणाच्या हातचं खाते

९ नोव्हेंबर
सासरहून, बिडकीनहून पिल्लू घेऊन आलो. चिमी. नाव वाटेत गाडीतच ठेवलं. माझ्या साडीवर ओकली, म्हणजे आता आपलीच.
शेतावरच्या वाघी कुत्रीची ही पिल्लं. बाप म्हणे शेजारच्या कंपनीच्या गेटवरचा अल्सेशियन, म्हणून पंजे आत्ताच एवढे मोठे. बाकीची वाटून गेली, दोनच उरली होती. धाकट्या जावेनं, संगीतानं, थोराड छातीचा नर आधीच ठेवून घेतलेला. त्याचं नाव सरदार. मला म्हणाली, "ताई, तुमी ही न्या. गरीब हाय. फ्लॅटमधी बरी."
गरीब हाय म्हणे. तिला दोन मुलगे, मला एक मुलगी, केतकी. वाटणी नेहमीचीच.
हे लिहायला नको होतं. राहू दे.

११ नोव्हेंबर
दूध-पोळी कुस्करून घातली. चिमीनं चाटून पुसून खाल्ली. संध्याकाळपर्यंत सगळ्या हॉलमध्ये पातळ. हे कंपनीतून आले आणि दारातच उभे राहिले, पाय कुठं ठेवावा कळेना.

१२ नोव्हें.
कॉलेजात अर्धी रजा टाकून चिमीला शेख मॅडमकडं नेलं. सिडकोतल्या जनावरांच्या डॉक्टर त्याच. दूध बंद. मऊ भात, उकडलेलं चिकन, मीठ नाही, कांदा-लसूण नाही. थोडं थोडं, पण दिवसातून चारदा. पोट ताळ्यावर आलं की पिल्लांसाठीचं कोरडं खाणं कोमट पाण्यात भिजवून त्यात हळूहळू मिसळायचं, एकदम बदलायचं नाही. "मोठ्या हाडाची आहे ही. घाई करू नका," म्हणाल्या.
मी कशाला घाई करते?

२६ नोव्हें.
सं.नं फोटो पाठवला. (जावेचं नाव पूर्ण लिहायचा कंटाळा आलाय.) सरदार नव्या बंगल्याच्या पायरीवर बसलाय. अंग असं चकाकतंय, तेल लावल्यासारखं. मागं तिची ग्रॅनाइटची पायरी पण चकाकतीय.
ह्यांनी फोटो मोठा करून बघितला. "काय दिसतंय बघ गं पोरगं!" चिमी तेव्हा ह्यांच्याच पायाशी झोपली होती. तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

५ डिसेंबर
राहवलं नाही. सं.ला फोन केला. काय घालतेस गं सरदारला?
"काय नाय ताई, आपलंच. भाकरी, वरण, कदी अंडं."
आपलंच! भाकरी-वरणावर असं अंग येतं होय? जमीन कंपन्यांना गेल्यापासून हिच्या घरात सगळं शहरातून येतं आणि विचारलं की "काय नाय ताई". साडी विचारली तरी तेच. "काय नाय ताई, साधीच हाय."

२० डिसें.
चिमी बरी खाते. शी घट्ट. खेळते. दात बारीक सुयांसारखे, माझ्या चपलेचा पट्टा गेला. शेख मॅडम म्हणतात छान वाढतीय. छान म्हणजे किती, ते सांगत नाहीत.

११ जानेवारी
बिडकीनला हुरडा. सगळे होतो. चिमीला मुद्दाम आंघोळ घालून नेली.
नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी, दोघांना शेजारी उभं केलं. सरदारची मान धरून म्हणाले, "ह्याचं हाड बघा. ही आपली बारीकच राहायची." कुणी हसलं नाही. पण सगळ्यांनी बघितलं. केतकी झाली तेव्हा दवाखान्यात आले होते नाना, तेव्हा पण असंच काहीतरी बोलले होते. सं. लगेच म्हणाली, "नाना, पोरीची जात हाय, नाजूकच बरी." माझी बाजू घेतली म्हणे तिनं!
पाणी प्यायला आत गेले तर जिन्याखाली भलं मोठं पोतं. त्यावर अल्सेशियनचं चित्र. म्हणजे भाकरी-वरण, नाही का. मोबाइलवर फोटो काढून घेतला.
परत येताना हे दोनदा म्हणाले, "काय झालं?" काही नाही म्हटलं.

१२ जाने.
औरंगपुऱ्यातल्या दुकानात तोच फोटो दाखवला. पोरगा म्हणाला, "मॅडम, ये बडे कुत्तों का है. पिल्लू के वास्ते दुसरा आता." मी म्हटलं, मला हेच हवं. मग त्यानं हाडांची पावडर पण काढली. "ये भी डालो, हड्डी एकदम लोहा." तीही घेतली. घरी येऊन वर एक चमचा तूप. आणि अंडं.
ह्यांना सांगितलं नाही. विचारलंही नाही त्यांनी.

२४ जाने.
चिमी गोल झालीय! उचलवत नाही. अंगावर तेज आलंय. उन्हात फोटो काढून सं.ला पाठवला.
लगेच उत्तर: "लई गोड ताई." आणि पुढं लाल बदाम.
जळली असेल. नसेल. लाल बदाम पाठवून जळता येतं का माणसाला?
मला येतं.

५ फेब्रुवारी
सकाळपासून पुढचा डावा पाय टेकवत नाही. जिना उतरताना रडली. काटा असेल म्हणून बघितलं, काही नाही.

६ फेब्रु.
शेख मॅडमकडं. हेही आले. "काय काय घालताय?" मी निम्मं सांगितलं. निम्मं ह्यांनी सांगितलं. त्यांना पावडर, तूप सगळं माहीत होतं.
मॅडम चिडल्या. "कॅल्शियम किसने बोला आपको? वाढत्या हाडांना ते जास्त झालं तर उलटंच होतं. वर एवढं वजन. तिला वाढू द्या, फुगवू नका." चिमीच्या अंगावर माझा हात धरून फिरवला. "बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्याला दिसायला नकोत. लागतात का?" नाही लागल्या. पावडर, तूप बंद. मोजकं खाणं, जिना नाही, उड्या नाहीत. पाय बहुतेक सुधारेल म्हणाल्या. बहुतेक.
मी म्हटलं, हिचा भाऊ केवढा झालाय.
"तो नर आहे, ही मादी. तुलना कशाला करता?"
स्कूटरवर परत येताना हे क्रांती चौकाच्या सिग्नलला म्हणाले, "केतकीला कुणी दुसऱ्याशी तोललं की तू आठ दिवस जेवत नाहीस."
चिमी आमच्या दोघांच्या मधे बसून माझा हात चाटत होती.

१५ फेब्रु.
पुण्याहून केतकीचा फोन. अपेंडिक्स. आजच ऑपरेशन म्हणतात. आम्ही निघालो. चिमीला ठेवायचं कुठं? शेजारच्यांना कुत्र्याची भीती. हे म्हणाले, "बिडकीन." दुसरं कोण आहे?
वाटेत सोडली. लंगडत होती. सं.ला सगळं सांगितलं. दूध नको, तूप नको, पावडर नको. मुकाट्यानं ऐकून घेतलं. पाय कशानं दुखावला ते विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१७ फेब्रु. पुणे
केतकी ठीक. टाके दुखतात. भूक लागली म्हणून भांडते, म्हणजे बरी आहे.
सं.ला फोन. चिमी जेवली का?
"नाय ताई. दारात बसून हाय. तुमची वाट बघती."
बरं वाटलं मला. मग लाज वाटली. पण आधी बरं वाटलं, तेही खरं.

१८ फेब्रु.
"जेवली ताई! ताटलीतलं नाय खात. हातानं दिलं की खाती."
हातानं. घरी मी ताटली ठेवून कॉलेजात पळते, हातानं कधी भरवलं?
केतकी पलंगावरून बघत होती. "आई, तू कुत्रीवर रुसलीस का काकूवर?"

२१ फेब्रु.
आज सं.ला विचारलंच. जिन्याखालचं ते पोतं कसलं?
"ते व्हय? पोरानं आणलं हुतं सरदारला. त्याला पचंना, नुसता खाजवायचा. तवापासून पडून हाय तितंच."
म्हणजे खरंच भाकरी-वरण. खरंच बोलत होती.
मग केतकीची चौकशी. आणि मधेच म्हणाली, "तुमचं बरंय ताई. पोरगी शिकून हिकमती झाली. आमची दोगं गाडीवरून खाली उतरत नाहीत. कॉलेजचं नाव काढलं की बाहेर पळतेत. कसं केलं तुमी?"
म्हटलं, काही नाही गं, आपलंच.
फोन ठेवल्यावर दवाखान्याच्या कॅन्टीनचा पाणचट चहा गोड लागला. तिला माझ्यातलं काहीतरी हवंय. कोत्या मनाची आहे मी. पण चहा गोड लागला.

२ मार्च
केतकीला आठवडाभर घरी घेऊन आलो. वाटेत बिडकीन.
चिमी लंगडत नाही! धावत आली, माझ्या पायावर मुतली, सगळं अंग हलत होतं. उचलली. बरगड्या हाताला लागतात, दिसत नाहीत. मॅडम म्हणाल्या होत्या तशीच.
तेवढ्यात सं. ओट्यावर भाकरी मोडायला लागली. चिमी माझ्या हातातून सुटली आणि तिच्यापाशी जाऊन बसली. सरदारच्या अंगाला अंग लावून. मी हाक मारली. कान हलवला, आली नाही.
सं. म्हणाली, "राहू द्या की ताई. दोगं जोडीनं वाढतील. पायाला मातीच बरी हाय तिच्या." मनापासून म्हणाली. मनापासून म्हणाली म्हणून जास्त लागलं.
हे माझ्याकडं बघत होते. केतकी पण.
मी चिमीला उचललं आणि गाडीत बसले.

३ मार्च
सकाळपासून काही खाल्लं नाही. भात-चिकन ठेवलं, हुंगून बाजूला झाली. पिल्लांचं भिजवलेलं खाणं, नाही. मग भाकरी थापली, बिनफोडणीच्या वरणात कुस्करली. हातानं दिली. बोटं चाटली माझी, खाल्लं नाही.
केतकी म्हणते, "आई, तिला तिथं सोडलं तर काय बिघडतं?" हे म्हणतात, "आधी संगीताला विचार ना, कसं कालवते."
काय बिघडतं. पाय बरा झालाय तिथं. माती आहे, भाऊ आहे, भरवणारा हात आहे. इथं काय आहे? मी आहे. आणि मीच तर तिचा पाय दुखावला होता.
फोन घेऊन बाल्कनीत बसलेय. विचारायचं तेवढंच आहे, वरण किती पातळ घेतेस. ती सांगेल. आनंदानं सांगेल. म्हणेल, मी येऊ का ताई? येईल पण.
चिमी उठली. वाटीपाशी गेली, वास घेतला. आता माझ्याकडं बघतीय.