एप्रनवरचा तुकडा

३ तारीख, सोमवार

आणि वर मलाच विचारतात, बाटल्या अजून ओल्या कशा. ओल्याच असणार. दोन लॅबच्या बाटल्या, नळ्या, झाकणं धुवायची, ओव्हनमध्ये लावायची, काढायची, वर एखादी फुटली तर ऐकून घ्यायचं, हात दोनच. माझ्या जोडीची बाई सोडून गेली, तिची जागा रिकामी ती रिकामीच. मला महिनाअखेर लेकीकडे जायचंय, पहिलं बाळंतपण. ऑफिसातला क्लार्क म्हणतो, मावशी, धुलाईखोलीत दुसरं कोणी असल्याशिवाय रजा नाही. म्हणजे आधी मदतनीस, मग नातवंड. बाळाला हे कोण सांगणार.

ठरवलं. उद्या लॅबच्या मोठ्या बाईंशी बोलायचं. गोड. मोजकं.

४ तारीख, मंगळवार

गोड बोलले. सोडून गेलेल्या बाईपासून सुरू केलं, मग गळका नळ, ओव्हनचं दार, क्लार्कचं वागणं, जावयाचा स्वभाव. मदतनिसावर येणार तेवढ्यात बाईंना फोन आला. आवाज अजिबात चढवला नाही. कॉरिडॉरमधले लोक आपापली दारं का लावून घेत होते, कळलं नाही.

५ तारीख, बुधवार

लॅबमध्ये एक उंच पोरगा संशोधन करतो, मी त्याला लांबू म्हणते. त्याला विचारलं, एवढ्या बाटल्या घाण करून तुम्ही शोधता काय. म्हणाला, मावशी, आपल्या अंगात बी-पेशी असतात. जंतू सापडला की ती त्याला आत ओढते, बारीक तुकडे करते आणि तुकडा आपल्याच अंगावर बाहेर मांडते, ताटलीत ठेवल्यासारखा. मग टी-पेशी येते, चाचपून बघते, ओळख पटली तर मदत करते. मदत मिळाली तर बी-पेशी वाढते, नाहीतर मरते. किती तुकडे मांडायचे, कधी आवरते घ्यायचे, हे पेशीच सांभाळते. कसं सांभाळते, तेच आम्ही शोधतोय.

म्हटलं, अख्खा जंतू का नाही दाखवत? म्हणाला, अख्खा टी-पेशीला कळतच नाही. तुकडाच लागतो. मग माझ्याकडे बघून म्हणाला, काही माणसांनी पण हे शिकायला हवं. मोठ्या बाईंबद्दल बोलत असणार.

६ तारीख, गुरुवार

आजपासून तोंड बंद. गाऱ्हाणं अंगावर मांडायचं. पांढरा एप्रन, काळा मार्कर. धुलाईखोलीला मदतनीस पाहिजे, इथपासून क्लार्क ऐकत नाही, इथपर्यंत. जावई गुडघ्यावर आला. मोठ्या बाई वाचायला थांबल्या, पण मला घाई होती, मी चालत राहिले. त्या थोडं मागे आल्या, मग गेल्या.

घरी आमचे हे म्हणाले, पाठ का मोकळी सोडलीस.

७ तारीख, शुक्रवार

चूक कळली. तुकडा मोठा झाला. दुसरा एप्रन घेतला, छातीवर एकच शब्द: मदतनीस. सगळं त्यात आलं. हे म्हणाले, अगं, निदान ‘पाहिजे’ तरी लिही. म्हटलं, पाहिजे ते काय लिहायचं, माझ्या तोंडावर दिसतं. म्हणाले, तुझ्या तोंडावर बारा महिने दिसतं, म्हणून तर कोणी बघत नाही. या माणसाला विज्ञान कळत नाही.

१० तारीख, सोमवार

लागू पडलं. आज प्रत्येकाने छातीवरचं वाचलं. कोणी मान हलवली, कोणी हसून खोकं हातात दिलं, म्हणे एवढं वर पोचवा. एकीने ट्रॉली ढकलायला लावली. केलं सगळं. मदत मागायची तर आपणही थोडं नमतं घ्यावं, एवढी अक्कल मला आहे.

११ तारीख, मंगळवार

नवीन मॅनेजर आलेत. एप्रन वाचला आणि थांबले. म्हणाले, अरे वा, तुम्हालाच शोधत होतो. मी एक अक्षर बोलले नाही. गोड हसले. ते दचकले, पण लिहून घेतलं.

टी-पेशी ती हीच. लेकीला फोन केला, येते म्हणून सांगितलं. बॅग काढली. लांबूला म्हटलं, तुमचा शोध लागला, आता घरी जा.

१३ तारीख, गुरुवार

ऑर्डर आली. वरच्या मजल्यावर जी बाटल्या धुते, तिने पण मदतनीस मागितली होती. मिळाली. मी.

सोमवारपासून अर्धा दिवस वर. खालचं काम आहे तसंच. मॅनेजरला म्हटलं, साहेब, मला मदतनीस पाहिजे होती. म्हणाले, मग तसं लिहायचं ना. वरची इतकी खूश की तिने मला चहा पाजला, आणि कप मलाच धुवायला दिला.

लांबू म्हणाला, मावशी, तुकडा छान होता, फक्त ‘पाहिजे’ आतच राहिलं. घरी यांनी माझी काढलेली बॅग उचलून परत माळ्यावर ठेवली. तेच जास्त लागलं.

लेकीचा फोन. येतेस ना, म्हणाली. म्हटलं, येते, पण बाळाला सांग, जरा दमाने.

१४ तारीख, शुक्रवार

एप्रन धुतला. शब्द निघत नाही, मार्कर पक्का आहे. मग आहे त्यालाच पुढे जोडलं: मदतनीसला मदतनीस पाहिजे. अजून जागा उरली होती. खाली लिहिलं, बुधवारपर्यंत उत्तर द्या, बाळ थांबणार नाही.