निळ्या कोपऱ्याकडे

अंधेरी, स्पर्धेच्या हॉलबाहेरचं कँटीन
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५, सकाळ

चि. दर्शनास,

मामाचे अनेक आशीर्वाद. मी बरा आहे, समोरचा चहा बरा नाही. सगळ्या खेळाडूंसारखा तुझाही फोन भीमराज सरांच्या पिशवीत जमा, आणि मुलींच्या खोल्यांकडे मामा लोकांना मज्जाव, म्हणून कागद-पेन. तुझ्या खोलीतली श्वेता नाश्ता न्यायला खाली येईल तेव्हा हे तिच्या हाती देईन. फायनल दुपारी आणि मामा सकाळीच कसा टपकला, असं तुला वाटेल. सांगतो. पेशाने मास्तर आहे, धड्याआधी प्रस्तावना लागते.

तुझ्या आईचं पार्सल कणकवलीहून काल आलं. कोकमाचं आगळ, मालवणी खाजा, आणि तुझ्यासाठी लोकरीची टोपी. मुंबईत नोव्हेंबरात टोपी कोण घालतं हे तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही, धाकटा भाऊ आहे मी. आमच्या आठवीच्या वर्गाने संस्कृतच्या तासाला तुझ्या सेमीफायनलचा व्हिडिओ दाखवा म्हणून हट्ट धरला. मी कडक शिक्षक असल्यामुळे चारच वेळा दाखवला.

आता त्या ठोशाबद्दल. मी त्याला ‘ऊर्ध्वहस्त’ म्हटलं की तू कपाळाला हात लावतेस. “मामा, ओव्हरहँड म्हण ना यार, तेवढाच मान राहील त्याचा!” बरं, ओव्हरहँड. तुझी उंची पाहता देवाने तुझ्यासाठीच तो राखून ठेवला असावा. समोरची ताडमाड पोरगी डावा हात लांब करून तुला दूर ठेवते, तू थोडी खाली वाकून डावीकडे सरकतेस, आणि तुझा उजवा हात तिच्या हातावरून, कुंपणापलीकडे दगड भिरकावावा तसा, वळसा घेऊन उतरतो. तिला तो दिसत नाही, कारण तिचाच हात आड येतो. शनिवारी सेमीफायनलच्या पहिल्या फेरीत तो बसला तेव्हा मी खुर्चीवर उभा होतो. मागच्या बाईने माझा शर्ट ओढला, “ओ काका, बसा ना खाली, तुमची मॅच आहे का?” मी म्हटलं, “हो.”

पण ग्लोव्हज बांधताना भीमराज सर रोज बजावतात ते तुला पाठ आहे. “हा पंच म्हणजे आपलं दार सताड उघडं टाकून शेजाऱ्याकडे चोरी करायला जाणं. माल मिळाला तर राजा, नाहीतर तुझंच घर साफ.” उजवा हात गालावरून उठला की तो गाल कोणाचाच नसतो. नेम चुकला तर सगळं अंग हातामागे जातं, मान पुढे, हनुवटी पुढे, आणि नजर जमिनीकडे. पहिला बसला म्हणून तिसऱ्या फेरीत तू पुन्हा मारलास. तो चुकला. तिचा डावा हात आला.

तू पडली नाहीस. पंचांनी मोजलंही नाही. घंटा झाली, गुणांवर तू जिंकलीस, सगळे ओरडले. आणि तू वळून निळ्या कोपऱ्याकडे चालायला लागलीस. तू लाल कोपऱ्यातली होतीस, दर्शना. समोरच्या मुलीच्या प्रशिक्षकाने तुला खांद्याला धरून फिरवलं, सगळा हॉल हसला, भीमराज सर हसले, मीही हसलो. वर्गात तो भाग आला की पोरं टाळ्या पिटत होती. चौथ्यांदा पाहताना मी तुझा चेहरा पाहिला. तू चुकलीस असं तुझ्या चेहऱ्यावर नव्हतंच. तू आपल्या माणसांकडे निघाली होतीस.

पण तो व्हिडिओ काल पाहिला. रविवार त्याच्या आधी होता, आणि रविवारबद्दल लिहायचं मी मघापासून टाळतोय.

रविवारी सकाळी तू गच्चीवर दोरी मारत होतीस. आठवीत माझ्याकडे मुलुंडला आलीस तेव्हा दोरीच्या उड्या मोजायचा कंटाळा करायचीस, म्हणून मी ‘राम’ शब्द चालवायला लावला, एक विभक्ती संपेपर्यंत थांबायचं नाही. शेजारी हसायचे, पण तुझा दम आणि माझं व्याकरण दोन्ही वाढलं. मी टाकीशेजारी पेपर वाचत ऐकत होतो. रामेण रामाभ्यां रामैः, आणि एकदम रामस्य. मग पुन्हा रामं रामौ रामान्. दोरी कुठेच अडकली नाही, पाय बरोबर पडत होते, फक्त शब्द कुठल्या कुठे चालले होते. मी नेहमीच्या खोचकपणाने ओरडलो, “अगं, चतुर्थी कुठे सांडलीस?” तू थांबून माझ्याकडे पाहिलंस. “कसली चतुर्थी?”

मला वाटलं, टिंगल करतेयस. माझ्याच घरात वाढलीस, टिंगल तुला येणारच.

मग चहाच्या वेळी तू विचारलंस, “मामा, सेमीफायनल उद्या ना?” मी म्हटलं, “ती काल झाली, फायनल परवा.” तू हसलीस, म्हणालीस, “गंमत केली रे.” आणि आत जाऊन बाथरूमचा नळ मोठा सोडलास. नळाने उलटीचा आवाज झाकला जातो असं तुला वाटतं. जुन्या इमारतीतल्या भिंती आहेत त्या, बाळा.

काल संध्याकाळी इथे हजेरी लावताना तुझी तपासणी चालली होती तेव्हा मी दारातच उभा होतो, तुझी पाण्याची बाटली धरून. डॉक्टरबाईंनी विचारलं, डोकं दुखतं? नाही. चक्कर? नाही. उलटी? नाही. मग त्यांनी सहज म्हणून माझ्याकडे पाहिलं, आणि तूही पाहिलंस. मी बाटलीवर छापलेलं वाचायला लागलो. आयुष्यभर पोरांना शब्दाचा अर्थ सांगत आलो आणि तुझ्या त्या तीन ‘नाही’चा अर्थ मला एकट्याला ठाऊक असताना पाण्यात किती क्षार आहेत ते वाचत राहिलो. कारण राज्याच्या संघाची निवड आजच्या फायनलवर आहे. कारण तू पाच वर्षं पहाटे उठतेयस. आणि खरं सांगायचं तर, शाळेत मला आता ‘दर्शनाचे मामा’ म्हणतात, ते मला फार आवडतं.

घरी गेल्यावर एका विद्यार्थिनीच्या वडिलांना फोन केला, ते मेंदूचे डॉक्टर आहेत. तुझं नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, पहिला मार बहुधा निभावतो. तो बरा व्हायच्या आत दुसरा बसला, हलकासुद्धा, तर सांगता येत नाही. मी विचारलं, म्हणजे काय सांगता येत नाही? ते म्हणाले, “सर, ती मुलगी कोण आहे?”

आज फायनलला तुझ्यासमोर येणारी नीलम तुझ्यापेक्षा हातभर उंच आहे. तिच्यासमोर तुझ्याकडे दुसरा ठोसाच नाही. तू तो मारणार, दार उघडं टाकून. मी मुलुंडहून निघालो तेव्हा फक्त तुला पाहायला निघालो होतो, असं स्वतःला सांगत होतो. साकीनाक्याला रिक्षा इतकी अडकली की परत फिरायला भरपूर सवड होती. फिरलो नाही, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल.

इथे आल्यावर भीमराज सरांना गाठलं आणि सगळं सांगितलं. राम, नळ, उलटी, बाटली. त्यांनी हातातली पट्टी गुंडाळून खिशात टाकली. मग म्हणाले, “कोपरा चुकली तेव्हा मी हसलो हो, मास्तर. तीस वर्षं हेच करतोय आणि हसलो.” मी म्हटलं, “आता काय करायचं?” ते म्हणाले, “तुम्ही सांगितलंत म्हणून मला करावंच लागेल. पण तिला मी सांगणार नाही तुम्ही सांगितलंत म्हणून. पोरगी तुमच्याकडे राहते.” भला माणूस. मी म्हटलं, “ते मीच कळवतो.”

तर हे ते कळवणं. तुझं नाव मागे घेतलंय, दर्शना. मी घ्यायला लावलं. डॉक्टरबाई थोड्या वेळात तुला बोलावतील, त्यांच्याशी भांडू नकोस, त्यांना मी सांगितलंय ते खरं आहे. नीलम न लढता जिंकेल. निवड जाईल. ‘पुढच्या वर्षी बघू’ असं मी लिहिणार नाही, कारण पुढच्या वर्षी तुला रिंगमध्ये उतरू देतील की नाही ते मला माहीत नाही. तुझ्या डोक्यात आत्ता काय चाललंय तेही माहीत नाही. म्हणून अक्षर असं आलंय. एरवी तुला ठाऊक आहे, माझं अक्षर फळ्यावरसुद्धा सरळ असतं.

तुझ्या आईला अजून फोन केलेला नाही. तुला माझ्याकडे ठेवताना तिने एकच बजावलं होतं, “शिवदासा, चेडवाचा नाक मोडला तर मोडांदे, टकला तेवढा सांभाळ.” नाक नव्हे, पोरीचं डोकंच सांभाळायचं होतं मला, म्हणून तिच्याशी बोलायला तुझ्या तपासणीचा कागद हातात हवा. फाटकाशी टॅक्सी उभी केली आहे, हॉस्पिटलात सांगून ठेवलंय. माझ्याशेजारी बसायचं नसेल तर सरांबरोबर बस, मी मागून दुसऱ्या गाडीने येईन. फक्त जा. जिन्यावरून उतरताना कठडा धर. श्वेताचा हात धर. कोणाचा तरी धर.

श्वेता येतेय. पुरे करतो.

यानंतर माझ्याशी बोलली नाहीस तरी मी तक्रार करणार नाही. रस्त्यात भेटलीस आणि ओळख न दाखवता पुढे गेलीस, तरी चालेल. पण मला ओळखून तसं जा. तेवढं मला तुझ्या चेहऱ्यावर दिसू दे.

खाली फाटकाशी उभा असलेला,
तुझा घाबरलेला मामा
शिवदास