सेनापती कुलदीपची मोहीम

२६ मे २०२५, दुपारी ३
गीतांजली सुटीत पुण्याहून आली. लॅपटॉपवर रोल-प्लेइंग गेम आणला. तलवार, जंगल, शेवटी राक्षस. म्हणे, पप्पा, आपण दोघं मिळून खेळू. म्हटलं, तू फक्त पाहत राय. अमरावतीच्या मार्केटात वीस वर्षं ठोक भाजी विकून राहिलो, राक्षस काय चीज आहे! ती ४ जूनले जाणार. राक्षस ३० मेपर्यंत संपवायचा. ठरलं.
आज फक्त गेममधल्या माझ्या गड्याचा चेहरा बनवला. दोन तास. माझ्यासारखाच, केस तेवढे जास्त. नाव : सेनापती कुलदीप.

२७ मे
पहिलं मत : चित्रं फर्स्ट क्लास. पाण्यात हात घालावा वाटते. पण गावात जो भेटते तो काम सांगते. एकाची तर बकरी हरवली. सेनापतीले बकरी शोधाले लावता? कोणाशी न बोलता जंगलात गेलो. लांडग्यानं मारलं. अकरा वेळा. लांडग्याची सेटिंग चुकीची आहे.
गीतांजली म्हणाली, पप्पा, वेशीवरच्या म्हातारीशी आधी बोला, ती ढाल देते. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, ते घरात कोनाशी बोलत नाई, तिथं काय बोलतीन?
दुर्लक्ष केलं.

२९ मे
अकोल्याहून मोईजचा फोन. कॉलेजपासूनचा दोस्त. युद्धाचा बोर्ड गेम आणला म्हणे. टेबलभर नकाशा, तीनशे सोंगट्या, नियमांचं पुस्तक अठ्ठेचाळीस पानांचं. रविवारी ये, पण वाचून ये. पीडीएफ पाठवली. पहिलं पान पाहिलं. पुरे. सैन्य चालवणं रक्तात असावं लागते. गीतांजलीले म्हटलं, तूही चाल, डावपेच पाहून घे.

३० मे
राक्षस जिवंत. कारण उकाडा. नवी मुदत ३ जून.

१ जून, रविवार. अकोला
समोर मोईजची बायको, कहकशाँभाभी. शाळेत शिकवतात. म्हटलं, सांभाळून खेळू. सगळ्या तोफा, सगळे घोडेस्वार सरळ त्यांच्या राजधानीवर सोडले. भाभींनी माझ्या मागच्या रस्त्यावर एकच सोंगटी ठेवली. मी हसलो.
मोईजनं पान एकतीस वाचून दाखवलं. रसदीचा रस्ता तुटला की फौज उपाशी मरते. माझ्या साठ सोंगट्या त्यानं स्वतः उचलून डब्यात टाकल्या. भाभी म्हणाल्या, भाईसाब, फौज को खाना कौन भेजता? गीतांजलीले हसता हसता ठसका लागला. म्हणे, पप्पा, रोज दोन गाड्या भाजी अकोल्याले तुमीच पाठवता ना!
मत : डबा मजबूत. नकाशा चांगला. नियम गरजेपेक्षा जास्त. भाभींच्या हातचा दालचा, म्हणजे डाळ-मटण, उत्तम.

२ जून
काल परतताना मूर्तिजापूरपासून गीतांजली तिच्या प्रोजेक्टचं काहीतरी सांगत होती. मी तिले पान एकतीसमधली चूक समजावून राहिलो होतो. बडनेऱ्याले पाहिलं तर पोरगी झोपली होती.

३ जून, सकाळी १०
आज राक्षस. कोणतंही कारण चालणार नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
गीतांजली बाजूले येऊन बसली. तिच्या समाधानासाठी म्हातारीशी बोललो. ढाल मिळाली. मग म्हातारीनं लढाईवर गेलेल्या पोराची गोष्ट सांगितली. लांबलचक. आमी दोघांनी पूर्ण ऐकली. बकरीही सापडली, नदीपाशी होती. राक्षसाच्या गुहेपर्यंत पोचलो नाही. गीतांजली म्हणाली, मजा आली पप्पा.
दिवस वाया गेला. तसा बरा गेला.

४ जून
बडनेरा स्टेशन. गाडी वेळेवर आली, नेमकी आजच. घरी येऊन मोहीम पुढं सुरू करावी म्हणून टेबलापाशी बसलो. मग लक्षात आलं, लॅपटॉप तिचा.

८ जून, सकाळी ९
गीतांजलीचा फोन. प्रोजेक्टले जागा पुरत नव्हती, गेम डिलीट केला. सॉरी पप्पा. म्हटलं, बरं केलं, तसाही फार काही खास नव्हता.
गेममध्ये बोलाची वेळ आली की खाली चार उत्तरं लिहून येत, एक दाबलं की झालं. फोनवर काहीच येत नाही. बराच वेळ वाट पाहिली. मग विचारलं, नाश्ता केला का बेटा?