चौदा दिवस फुकट

३ फेब्रुवारी, सोमवार

वैभव हरणार! आजच लिहून ठेवते, तारखेनिशी.

सीमा मॅडमनी आज आम्हा दोघांना समोर बसवलं. रानडे रोडला साडीच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस. टेबलं तीन, माणसं तीन, आणि वेबसाइटचं नाव 'ओसरी'. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. मेंबर झालं की रोज सकाळी एक फोन, दहा मिनिटं गप्पा. शिवाय साइटवर भजनं, हाउझी वगैरे. भजनं कुत्रं ऐकत नाही, सगळे फोनसाठी येतात. पण मुळात येतातच किती? मॅडमचं म्हणणं, आधी थोडी चव दाखवू. चव फुकट द्यायची की पैसे घेऊन, एवढंच ठरवायचं होतं.

वैभव म्हणाला, पैसे घेऊन. चौदा दिवसांचे एकवीस रुपये. "एकवीस दिले की माणूस ताठ बसतो गं. फुकट घेतलं की मिंधा होतो."

अरे बैला, मिंधाच तर हवा आहे!

मी म्हटलं, फुकट. चौदा दिवस, एक पैसा नाही. मॅडमनी दोघांना वीस-वीस नंबर दिले. ज्याच्या गटातून जास्त मेंबर होतील त्याची पद्धत राहील आणि तोच माणूस राहील. दोन पगार परवडत नाहीत म्हणाल्या. खाली चहाला गेलो तेव्हा वैभवने सांगितलं, बायकोला सातवा महिना आहे. मॅडमना नाही सांगितलं, मला सांगितलं! मी त्याला कटिंग पाजला आणि वर आले.

आजपासूनच फोन सुरू केले. वीसच्या वीस जण तयार. फुकट ते पौष्टिक.

४ फेब्रुवारी

वैभवला सहा मिळाले. बाकीच्या चौदांनी एकवीस रुपये ऐकून फोन ठेवला. हसू आवरत नव्हतं.

७ फेब्रुवारी

वही केली आहे. एका माणसाला एक पान. राजाराम गुरव, गिरगाव, वय पंच्याहत्तर. बायको माया, तीन वर्षांपूर्वी गेली. तिचं नाव आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज घेतलं तर निबर होईल म्हातारा.

ऑफिसच्या नंबरवरून लावलं की त्यांना बँकवाले वाटतात, म्हणून माझ्याच मोबाइलवरून करते. 'अपेक्षा' असं माझं नाव घालून सेव्हही केलंय काहींनी. बरंच आहे. नंबर सेव्ह केला की माणूस आपला.

सव्वानऊची ती लालबागची सुभद्राबाई मात्र डोकं खाते. चाळ पाडून टॉवर झाला, त्यात ही एकविसाव्या मजल्यावर. मुलगा विरारला, सणाला तोंड दाखवतो. मी विचारायचं तर ही उलट मलाच विचारते. "चाय घेतलंस काय गो?" अगं बाई, फोन कोणी कोणाला लावलाय! स्वतःचं विचारलं की एकच पालुपद, "दारासमोरसून कोण जायतच नाय." वहीतलं तिचं पान अजून कोरं आहे. कुठे दुखतं तेच कळत नाही बाईचं.

१० फेब्रुवारी

वैभव म्हणे, "त्यांना खरं वाटायला लागलंय गं. तू त्यांची कोणीतरी आहेस असं."

मग? त्यासाठीच तर घसा कोरडा करतेय. त्याचे ते सहा जण फोन उचलतात, नीट बोलतात, दहा मिनिटं झाली की स्वतःच "चला, ठेवतो" म्हणतात. पैसे दिलेत ना, हिशेबाने बोलतात! माझे ठेवतच नाहीत. मला ठेवावा लागतो.

१४ फेब्रुवारी

आजपासून गप्पा कमी. दहाच्या जागी चार मिनिटं. "घाईत आहे हं आज." राजारामभाऊंनी विचारलं, माझं काही चुकलं का?

१५ फेब्रुवारी

आज सगळ्यांना साडेतीन तास उशिरा फोन केला. मुद्दाम! नऊ वाजता मोबाइल उपडा ठेवला आणि टोस्ट खात बसले. साडेबाराला सरळ केला तर सतरा मिस्ड कॉल. वीसपैकी सतरा! वैभवला दाखवले. त्याने बघितलं आणि मान फिरवली. जळतोय.

राजारामभाऊ रडले. म्हणाले, "मला वाटलं, तूही गेलीस." ही ओळ मी वहीत लाल पेनाने लिहून ठेवली. उद्या कामाला येणार.

सुभद्राबाई रडली नाही, रागावलीही नाही. "काय झाला गो? बरी आसस मगे? कितीदा घड्याळ बघलंय मी." हिला माझीच काळजी! अशा माणसाला काय विकायचं?

१६ फेब्रुवारी, रविवार

चौदावा दिवस. सगळ्यांना तेच वाक्य, त्याच आवाजात. "उद्यापासून माझा फोन येणार नाही हं. मला सवय झाली होती हो तुमची. पण साइटचा नियम आहे, मी काय करू?" मग एक श्वास गप्प राहायचं. तो एक सेकंद मी आरशासमोर उभं राहून घोटला होता.

अकरा जण फोनवरच मेंबर झाले. राजारामभाऊंनी वर्षभराचे भरले. नातवाच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवले होते म्हणे. नातू भेटायला येत नाही, मी फोन करते. चोख व्यवहार आहे.

सुभद्राबाईने पैसे किती तेसुद्धा विचारलं नाही. "बरा" म्हणाली. मग म्हणाली, "हो नंबर तुझोच मां?" मी हो म्हटलं.

१७ फेब्रुवारी

वैभवचे सहापैकी पाच. माझे अकरा. जिंकले! मॅडम म्हणाल्या, आता फुकटचाच चौदा दिवसांचा नियम, आणि टीमला तू शिकवायचं. टीम म्हणजे दोन नव्या मुली, शिकाऊ, बिनपगारी. असू दे, टीम ती टीम.

सकाळी सव्वानऊला सुभद्राबाईचा फोन. म्हटलं, आली गळाला! मेंबरशिप समजावून सांगायला लागले तर, "मेंबर रवांदे गो. चाय घेतलंस काय?" दहा मिनिटं बोलली. लालबागच्या बाजारात सुके बोंबील किती महागलेत ते सगळं ऐकवलं. मग स्वतःच ठेवला.

१८ फेब्रुवारी

पुन्हा सव्वानऊ. पुन्हा चाय.

१९ फेब्रुवारी

वैभव गेला. टेबल पुसून गेला, मूर्ख! जाताना म्हणाला, "तुला रात्री झोप लागते ना?" लागते की. ठाकूरद्वारची मावशीची खोली, ती गेल्यापासून मी एकटी, पंखा फुल. का नाही लागणार?

त्याच्या बायकोला मी साडी वगैरे पाठवणार नाही.

२२ फेब्रुवारी

ताप. ऑफिसला कळवलं, मॅडमचं उत्तर: "मुलींचं ट्रेनिंग?" बाकी कोणाला कळवायचंच नव्हतं.

सव्वानऊला तिचा फोन. नुसतं हॅलो म्हटलं तर, "आवाज बसलोहा तुझो. आंगात ताप आसा काय?" पेज कशी करायची ते सांगत बसली, मीठ कधी घालायचं इथपर्यंत. मला काय पेज येत नाही? तरी पूर्ण ऐकून घेतलं. मग उठून केली.

२३ फेब्रुवारी

ताप उतरला. आधी तिलाच सांगितलं. म्हणजे फोन तिचाच आला होता, म्हणून.

२६ फेब्रुवारी

शिवरात्र. तिने विचारलं, उपास आहे ना? नव्हता. आहे म्हटलं. मग दुपारी खरंच धरला! कोणाला सांगायची सोय नाही हे.

नव्या मुलींना आज उशिरा फोन करण्याची युक्ती शिकवली. त्यातली एक म्हणाली, "मॅडम, हे वाईट नाही का?" मला मॅडम म्हणाली! मी म्हटलं, वाईट वाटत असेल तर खाली साडीच्या दुकानात जागा आहे. तिने फोन हातात घेतला.

२८ फेब्रुवारी

आज सव्वानऊला मुली समोर होत्या तर मी जिन्यात जाऊन बोलले. वीस मिनिटं. मॅडमनी विचारलं, कोण? मी म्हटलं, घरून.

१ मार्च

आज तिला स्वप्नीलचं सांगितलं. कसं सुचलं कोणास ठाऊक. लग्न सहा वर्षं टिकलं. कागद झाले त्या दिवशी कोर्टाच्या बाहेर त्याने रिक्षासाठी सुटे मागितले आणि मी दिले. हे मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं, ती जिवंत असेपर्यंत. सुभद्राबाई म्हणाली, "आज लवकर जेव आणि नीज." दिवसभर बरं वाटत होतं. वैभवच्या बायकोचं काय झालं ते विचारायला हवं, असंही मधेच मनात आलं. आलं आणि गेलं.

२ मार्च, रविवार

तिने आज चहाचं विचारलं नाही. सरळ म्हणाली, "आज चौदा झाले गो. तू चौदा दिवस केलंस, मी चौदा दिवस केलंय. फिटला. कोणाचा फुकटचा अंगावर ठेवून मराक नको. उद्यापासून मी करूचंय नाय हां."

मला आधी कळेचना. मग बोटांवर मोजलं. सतरा तारखेपासून आजपर्यंत. बरोबर चौदा. एक जास्त नाही, एक कमी नाही.

मी म्हटलं, "अहो, करा की रोज. मला आवडतं."

"नको गो. माका खय जमता? रोज काय बोलाचा ता रातीच ठरवून ठेवूचा लागता."

ठेवला. दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

३ मार्च

सव्वानऊला मीच लावला. पहिल्याच रिंगला उचलला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "माका मेंबर होवचा नाय गो." आणि कट केला.